पाडव्याचा डाव आणि कलीची वाट

कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा, आपला दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांत या तिथीची गणना होते. या दिवशी पत्नी पतीस ओवाळते, व्यापारी नव्या वह्यांवर कुंकू वाहतो, आमच्या विदर्भात गायगोधनाच्या निमित्ताने गुरांना सजवून मिरविले जाते आणि घरोघरी बळीराजाचे स्मरण होते. परंतु याच तिथीस आणखी एक नाव आहे. ते जुन्या ग्रंथांत आहे, पण सुवासिक तेलाच्या आणि फराळाच्या गडबडीत त्याचा उच्चार सहसा होत नाही. ते नाव आहे द्यूतप्रतिपदा.

या नावामागे कथा आहे. कैलासावर शंकर आणि पार्वती या तिथीस फाशांचा डाव मांडून बसले. भगवंत हरले, जगदंबा जिंकली. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतीचा हा डाव शिल्पकारांनी पाषाणात कोरून ठेवला आहे. निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांनी आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या धर्मसिंधूनेही या तिथीच्या कृत्यांत द्यूताचा उल्लेख केला आहे. मात्र शास्त्राचा रोख काय आहे तेही पाहिले पाहिजे. हा डाव सकाळचा आहे. तो घरातला आहे. वर्ष कसे जाईल हे पाहण्यासाठी घेतलेला तो एक कौल आहे. वर्षातील एका सकाळपुरती दिलेली ही मोकळीक माणसाने रात्रीवर नेली, रात्रीची आठवडाभर केली आणि घरातून उचलून अड्ड्यावर नेऊन ठेवली. शास्त्राचा आधार मात्र तोच सांगितला जातो. “पाडव्याला खेळावंच लागते, शकुन असते,” हे वाक्य ज्याच्या कानी पडले नाही असा माणूस आमच्या पंचक्रोशीत विरळा असेल.

पाडव्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा पंधरवडा आम्हां रामटेककरांस फार मोलाचा. गडावर श्रीरामाच्या दर्शनाला यात्रा लोटते, पौर्णिमेला त्रिपुर उजळतो, धानाची कापणी सुरू असते, कोणाच्या हाती बोनस आलेला असतो, तर कोणाच्या हाती नव्या मालाचा पैसा. कीर्तनेही याच दिवसांत अधिक होतात. कीर्तन संपल्यावर पायांवर डोके ठेवून माणसे मनातले बोलतात. पूर्वी दारूविषयी विचारीत, मुलीच्या लग्नाविषयी विचारीत. आता विचारतात ते मुलाच्या हातातील मोबाइलविषयी. एका माउलीचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. ती म्हणाली, “महाराज, आमच्या घरी तीन पिढ्यांची एकादशी आहे. विडीलाही कोणी शिवत नाही. मग हे आमच्या घरात आलं कोठून?”

प्रश्नात तक्रार नव्हती, कोणावर आरोपही नव्हता. ते मुळापाशी जाऊ पाहणाऱ्या आईचे दुःख होते. म्हणून त्या प्रश्नास “कलियुग आहे, बाई,” एवढे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांस योग्य वाटले नाही. कली येतो हे खरेच. परंतु तो कोणत्या वाटेने येतो, हेही आपल्याच ग्रंथांनी सांगून ठेवले आहे.

विदर्भकन्येची कथा

द्यूत म्हटले की आपल्यास हस्तिनापूरची सभा आठवते. पण महाभारताच्या वनपर्वात, वनवासी युधिष्ठिरास बृहदश्व ऋषींनी सांगितलेली दुसऱ्या एका द्यूताची कथा आहे, आणि ती आपल्या मातीची आहे. तिची नायिका दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचे माहेर कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर ते हेच, असे परंपरा मानते.

दमयंतीने देवांना डावलून निषधराज नलास वरले, म्हणून कली चिडला. नलाच्या शरीरात शिरण्यासाठी तो टपून बसला. किती काळ? बारा वर्षे. एवढ्या काळात त्या पुण्यश्लोक राजाच्या ठायी त्यास एक फट मिळाली नाही. अखेर एके दिवशी लघुशंकेनंतर पाय न धुताच राजा संध्येस बसला आणि तेवढ्या कोरड्या राहिलेल्या पावलातून कली आत गेला. पुढे कलीनेच नलाचा भाऊ पुष्कर याला खेळाचे आव्हान देण्यास उठविले, आणि कलीचा सोबती द्वापर फाशांत जाऊन बसला.

हे आख्यान आम्ही अनेक वर्षे लावीत आलो. बहुधा ते शौचाचाराचे माहात्म्य म्हणून सांगितले जाते. परंतु सावकाश वाचले असता असे दिसते की, व्यासांनी येथे व्यसनाचे निदानच मांडले आहे. नलाचा नाश एकाच कारणाने झालेला नाही. माणसात एक फट होती. जवळच्या नात्यातून आमंत्रण आले. आणि खेळण्याचे साधनच बिघडवून ठेवलेले होते. तिन्ही एकत्र आली तेव्हा राज्य गेले. आजचे मनोविकारतज्ज्ञ जुगाराच्या व्यसनाचा धोका तपासताना याच तिन्हींकडे पाहतात: व्यक्ती, तिचा परिसर आणि खेळाची घडण. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आपण याच क्रमाने शोधू.

न धुतलेले पाऊल

प्रथम व्यक्तीकडे पाहू. जुगाराच्या आहारी गेलेला मनुष्य दुष्ट असतो, ही समजूत आधी बाजूस ठेवली पाहिजे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या अवस्थेची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली आणि २०१३ मध्ये तो दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगसूचीतही त्यास व्यसनविकारांतच स्थान आहे. पोटात काही जात नाही, तरी मेंदूला चटक लागते ती तशाच जातीची.

हे ज्ञान नवे असले तरी निरीक्षण फार जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. जुगाऱ्याच्या तोंडूनच त्यात त्याची दशा वर्णिली आहे. पुन्हा खेळणार नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच निश्चय विरघळतो. सासू तोंड पाहीनाशी होते, पत्नी झुरते, आई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसते, कर्जबाजारी होऊन तो रात्रीच्या अंधारात परक्या घरी जातो. निश्चय आणि मोह यांच्यातील ही ओढाताण आजच्या रुग्णाइताच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. देवांची स्तुती गाणाऱ्या ऋग्वेदात हे सूक्त जतन झाले, यावरून आपल्या पूर्वजांनी हे दुःख किती गंभीरपणे घेतले होते ते कळावे.

मग फट कोणाकडे मोठी असते? पहिली फट वयाची. कोवळ्या वयात ज्याने पैशाचा डाव खेळला त्यास पुढे व्यसन जडण्याचा धोका अधिक. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त आढळते, परंतु स्त्रिया यापासून मुक्त आहेत असे नव्हे. दुसरी फट स्वभावाची: उतावीळपणा, धीर नसणे, मनात आले की केले. तिसरी मनाच्या दुखण्याची. खिन्नता, एकाकीपण, एखाद्या मृत्यूचे वा अपयशाचे दुःख असले की, डावात गुंतलेला तासभर माणसास आपले दुःख विसरायला लावतो. पैसा मिळावा म्हणून नव्हे, तर विसर पडावा म्हणून खेळणारे पुष्कळ असतात, आणि तेच अधिक खोल जातात. चौथी फट मद्याची. जेथे प्याला आहे तेथे डावावरचा ताबा लवकर सुटतो. पाचवी घराण्याची, ज्याचा बाप वा भाऊ खेळतो त्यास धोका अधिक, कारण स्वभाव रक्तातून येतो आणि सवय डोळ्यांतून.

एक फट अशी आहे की जिची कल्पना बहुतेकांस नसते. कंपवातावरील काही औषधांमुळे क्वचित रुग्णांत, आयुष्यात कधी पत्ता न शिवलेल्या वृद्धांतसुद्धा, जुगाराची अनावर ओढ उत्पन्न होते. घरातील आजोबांच्या वागण्यात असा पालट दिसला तर त्यांस बोल लावू नये आणि औषध परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांस ताबडतोब सांगावे.

परंतु सर्वांत फसवी फट म्हणजे आरंभीचा विजय. हरलेला नवखा घरी परततो. जिंकलेला नवखा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. २०२३ च्या जुलै महिन्यात नागपुरात उघडकीस आलेले प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. पोलिसांकडील तक्रारीनुसार, एका व्यापाऱ्यास ऑनलाइन जुगाराचे खाते उघडून देण्यात आले. त्या खात्यात आधीच ८ लाख रुपये दिसत होते. प्रारंभी यश आले. पुढे जिंकलेले सुमारे ५ कोटी आणि गमावलेले सुमारे ५८ कोटी, असा तो हिशेब झाला. गळाला लावलेले आमिष माशाला जेवण वाटते, एवढाच त्या पहिल्या यशाचा अर्थ.

आणि आता एक फट भाविकांची, म्हणून आपल्या सर्वांची. कीर्तन आटोपल्यावर पाया पडून हळूच “महाराज, एखादा आकडा सांगा ना,” असे म्हणणारे आम्हांस अनेकदा भेटले आहेत. स्वप्नात नाग दिसला तर कोणता अंक, गाडीच्या पाटीवरून कोणता अंक, समाधीवरच्या फुलांवरून कोणता अंक, याची शास्त्रे रचली जातात. आपल्या शुभाशुभाच्या श्रद्धेस जुगाराचा अड्डा असा आपल्या कामास जुंपतो. दैवाची चाहूल आपल्यास लागते, असे ज्यास वाटते तो थांबत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी युरोपातील माँटे कार्लो येथे चक्रावरील गोळी लागोपाठ सव्वीस वेळा काळ्या घरात पडली. आता तांबडे येणारच, अशा खात्रीने लोक प्रत्येक फेरीस तांबड्यावर पैसे वाढवीत गेले आणि बुडाले. गोळीला आधीची फेरी आठवत नाही. आठवते ती माणसाला.

पुष्कराचे आमंत्रण

नलास परक्याने बोलाविले नव्हते. बोलाविणारा भाऊ होता. युधिष्ठिराच्या बाबतीत तर याहून अधिक. द्यूत अनर्थाचे मूळ आहे हे तो जाणत होता. निरोप घेऊन आलेला विदुरही तेच म्हणाला. तरी तो गेला, कारण बोलावणे धृतराष्ट्राचे, म्हणजे वडीलधाऱ्याचे होते, आणि आव्हान नाकारणे क्षत्रियास कमीपणाचे वाटे. एकदा सर्वस्व गेले, द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे सुटका झाली. परतीच्या वाटेवर पुन्हा बोलावणे आले आणि तो पुन्हा जाऊन बसला. सुटका झालेला माणूस परत का जातो, याचे उत्तर त्या बोलावण्यात आहे.

आमच्याकडे पोळ्याच्या कराला गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. गणपतीच्या मंडपामागे जागरणाच्या नावाखाली तीनपत्ती चालते. कोजागरीच्या जागरणात अक्षक्रीडा सांगितली आहे, म्हणून तेथेही तेच. अशा डावाभोवती दहा-बारा वर्षांची मुले उभी असतात. काकांना पाणी आणून देतात, जिंकलेल्या मामाकडून दहाची नोट बक्षीस घेतात. मुलाची जुगाराशी पहिली ओळख ही अशी आरतीच्या आवाजात, प्रेमाच्या माणसांत होते. पुढे मोबाइलवर जाहिरात दिसते तेव्हा त्यात त्यास वावगे काही वाटत नाही. “हे आलं कोठून?” या प्रश्नाचे अर्धे उत्तर मंडपामागे आहे, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु सांगणे भाग आहे.

परिसर म्हणजे केवळ नातलग नव्हेत. ज्याचे उत्पन्न अनिश्चित त्याच्या मनाला आशेची सवय लवकर लागते. विदर्भातील कापूस उत्पादकाचे जीवनच पाऊस आणि भाव यांवर लावलेला डाव आहे. विलक्षण गोष्ट अशी की, मटका जन्मला तोही कापसाच्याच पोटी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर पैज लागे. १९६१ मध्ये ती वाट बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा नवा मटका सुरू झाला. गिरणगावातील कामगारांच्या पगारातील पैसा तिकडे वाहू लागला. कापूस पिकविणारा आणि कापूस विणणारा, दोघांच्याही घामावर तिसऱ्याच कोणी आकडे मांडले. कर्ज हे येथे कारणही असते आणि परिणामही. सावकाराचे देणे फेडण्यासाठी आकडा लावला जातो आणि आकड्याचे देणे फेडण्यासाठी सावकार गाठला जातो.

राजसत्तेची भूमिकाही आपल्या परंपरेत एकमुखी नाही. मनूने निर्जीव साधनांच्या द्यूतास आणि प्राण्यांच्या झुंजीवरील पैजेस, म्हणजे समाह्वयास, वेगळी नावे दिली आणि राजाने दोन्ही राज्यातून घालवावीत असे सांगितले. पूर्व विदर्भातील कोंबडबाजार हा समाह्वयच होय. उलट कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ ठरलेल्या जागीच चालावा असा दंडक घातला आणि जिंकलेल्या रकमेतून शंभरास पाच असा राजभाग ठेवला. आधुनिक शासनांनीही दोन्ही वाटा चोखाळल्या. मूळचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे, आणि १२ एप्रिल १९६९ पासून राज्याची लॉटरीही आहे. कोणती नीती बरी, हा वाद विद्वानांनी करावा. गृहस्थाने एवढेच ध्यानी ठेवावे की, खेळण्याची जागा जितकी जवळ आणि जितकी प्रतिष्ठित, तितके अडकणारे अधिक.

फाशांत बसलेला द्वापर

वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याची फळे वापरीत. तीच बेहड्याची झाडे आपल्या रानांत आहेत, आणि त्रिफळा चूर्णात घरोघरी आहेत. डावातील दानांची नावे होती कृत, त्रेता, द्वापर आणि कली. कृत हे जिंकण्याचे दान, कली हे हरण्याचे. युगांची हीच नावे व्हावीत, हे मोठे सूचक आहे. द्वापर फाशांत शिरला याचा सरळ अर्थ असा की, साधनच खेळणाऱ्याच्या विरुद्ध फिरविलेले होते.

आज फासे मोबाइलमध्ये आहेत. पूर्वी अड्ड्यावर जाण्यास चालावे लागे, वाटेत ओळखीचे कोणी भेटे, पाय अडखळत. निकालास काही तास लागत, तेवढ्यात मन थाऱ्यावर येई. खिशातील नोटा कमी होताना हातास कळे. आता खोलीचे दार लोटले की अड्डा उघडतो. रात्री दोन वाजताही उघडाच असतो. एक डाव काही क्षणांत संपतो आणि पैसा केवळ आकडा होऊन जातो. “थोडक्यात हुकले” असे भासविणारी चित्रे दाखविली जातात, कारण थोडक्यात हुकलेला माणूस उठत नाही. बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसणे, हीच सवय लावण्याची सर्वांत बळकट युक्ती आहे, हे मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांत केव्हाच दाखविले होते.

संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर त्याने बंदी घातली. अशा खेळांत लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा केंद्र शासनाचा त्या वेळचा अंदाज होता. मोठ्या कंपन्यांनी असे खेळ बंद केले. तथापि कायद्याने राजरस्ता बंद होतो, चोरवाटा उरतात. क्रिकेटच्या सामन्यांवरील सट्टा त्या वाटांनी चालूच आहे. म्हणून शेवटची राखण घरानेच करावयाची आहे.

दमयंतीने काय केले?

या कथेतील खरा उपदेश दमयंतीच्या वागण्यात आहे. पती खेळात बुडाला आहे हे पाहून ती प्रथम त्याच्याशी बोलली, रडली. त्याने ऐकले नाही. तिने गोष्ट लपविली नाही. दासी बृहत्सेनेस पाठवून मंत्र्यांना बोलावून आणले. तेही निष्फळ झाले तेव्हा तिने वार्ष्णेय सारथ्याबरोबर आपली दोन्ही मुले कुंडिनपुरास माहेरी धाडली. जे अजून वाचण्याजोगे होते ते तिने आधी वाचविले. पुष्कराकडे जाऊन पतीचे देणे फेडण्याची बोलणी तिने केल्याचे कथेत कोठेही नाही. आणि राज्य गेल्यावर एका वस्त्रानिशी निघालेल्या पतीस तिने टाकले नाही. त्याने तिला रानात टाकले तरी तिने त्याचा शोध सोडला नाही.

आजच्या घरात याचा अर्थ काय? मुलगा वा पती पैशांविषयी खोटे बोलू लागला, मित्रांकडून उसने घेऊ लागला, खेळ बंद असताना चिडू लागला, गेलेले भरून काढण्यासाठी दुप्पट लावू लागला, तर लक्षण ओळखावे. गोष्ट घरच्या दोन शहाण्या माणसांच्या कानी घालावी. “लोक काय म्हणतील” या भयाने झाकलेली जखम चिघळते. घरातील ठेव, दागिने, मुलांच्या शिक्षणाचा पैसा, बँकेचे व्यवहार त्याच्या हाताबाहेर ठेवावेत. त्याचे देणे दर वेळी गुपचूप फेडू नये. मायेने भरलेला तो पैसा पुढच्या डावाचे भांडवल होतो. आणि माणसास मात्र सोडू नये. कर्ज आणि लाज यांच्या कात्रीत सापडलेले कित्येक तरुण जिवाचे बरेवाईट करून घेतात. ज्याच्या तोंडी निरवानिरवीची भाषा आली त्यास एकटे राहू देऊ नये. शासनाची टेली मानस ही मनःस्वास्थ्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते. तेथे मराठीतून बोलता येते. नागपुरास शासकीय मनोरुग्णालयही आहे. वैद्याकडे जाण्यात कुळास कमीपणा नाही. नवससायास करणाऱ्यांनी ते जरूर करावेत, पण उपचाराच्या ऐवजी नव्हे.

ऋतुपर्णाचे गणित

कथेच्या उत्तरार्धात नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. कुंडिनपुराच्या वाटेवर बेहड्याचा एक वृक्ष लागतो. ऋतुपर्ण नुसत्या दृष्टिक्षेपाने त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो; संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो. ते मर्म कळताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. अमरकोशात या झाडास कलिद्रुम हे नाव आहे ते उगाच नव्हे.

ध्यानात घ्या, कली कोणत्याही शापाने वा मंत्राने निघाला नाही. तो संख्येच्या ज्ञानाने निघाला. आपणही मोजून पाहू. मटक्यात दहा अंकांपैकी एक यावयाचा आणि लागल्यास रुपयास नऊ रुपये मिळावयाचे. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर गेले आणि नव्वद आले. उरलेले पुन्हा लावीत गेल्यास सरासरीने शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी, असे होत सातव्या फेरीअखेर निम्म्याहून कमी उरतात. कोणी एखादा जिंकेल. पण सर्व खेळणाऱ्यांचा समुदाय हरणारच, कारण हिशेबच तसा बांधला आहे. हेच आजचे अक्षहृदय.

एका तरुणाने आम्हांस विचारले, “पण महाराज, नलानं शेवटी राज्य परत मिळवलं ते जुगार खेळूनच ना?” प्रश्न चोख आहे आणि धोक्याचाही, कारण प्रत्येक हरलेला मनुष्य मनात हाच शेवट धरून बसलेला असतो: एक मोठा डाव, आणि गेलेले सर्व परत. उत्तर असे की, नल पुन्हा बसला तो कली निघून गेल्यावर; आणि जिंकल्यावर त्याने पुष्करास क्षमा केली, त्याचा वाटा त्यास देऊन त्याला सन्मानाने घरी पाठविले. जिंकून तो थांबला. ज्याच्या अंगात कली आहे त्यास थांबता येत नाही. शिवाय नलाच्या हाती मर्म होते. आजच्या खेळाचे मर्म खेळ चालविणाऱ्याच्याच हाती असते. ते ज्यास कळले तो डाव मांडत नाही, तो पाटावरून उठतो. पत्नीस पणाला लाव, असे पुष्कर म्हणाला तेव्हा कली अंगात असतानाही नल निरुत्तर होऊन उठलाच होता. धर्मराजास जे साधले नाही ते त्यास त्या क्षणी साधले. उठण्याची शक्ती व्यसनातही सर्वस्वी नाहीशी होत नाही, हा या कथेतील सर्वांत मोठा दिलासा आहे.

यंदाचा पाडवा

म्हणून आमची गृहस्थाश्रमी वाचकांस नम्र विनंती अशी. पाडव्याचा कौल घ्यावयाचाच असेल तर तो शास्त्रात सांगितल्याप्रमाणे सकाळी घ्यावा, घरात घ्यावा, पतिपत्नींनी कवड्यांनी सारीपाट मांडून घ्यावा, आणि पणास पैसा लावू नये. हरणाऱ्याने फराळाचे ताट वाढावे, एवढा पण पुरे. मुलांस जवळ बसवून ऋतुपर्णाचे गणित कवड्यांवरच मांडून दाखवावे. गणेशमंडळांच्या आणि पोळ्याच्या कार्यकर्त्यांनी मंडपामागील डाव बंद करावा. आणि ज्या घरी ही व्यथा आलीच आहे त्या घराकडे शेजाऱ्यांनी बोट दाखवू नये. एखादी संध्याकाळ त्या मुलास सोबत द्यावी, कारण रिकामी आणि एकटी संध्याकाळ हीही एक फट आहे.

त्या माउलीस आम्ही सांगितले ते एवढेच: तुमची एकादशी कोठे चुकली नाही. बारा वर्षांच्या पुण्यास जे चुकविता आले नाही ते तुमच्याकडूनही निसटले. पाऊल कोरडे राहिले असेल तर ते आता धुता येईल. पौर्णिमेस गडावर त्रिपुर उजळेल; घरी पणती लावताना तिच्या उजेडात आपापल्या उंबऱ्याच्या फटीही एकदा पाहून घ्याव्यात. श्रीरामचंद्र सर्वांस सद्बुद्धी देवो.